तलावाच्या गेटवर

तो उन्हाळा आठवला की मला अजून एका जागी बसवत नाही. आज घरात कुणी नाही, मुलगा आणि सून दोघंही कामावर, नात युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत. मध्ये बोलायला कुणी नसलं की माझं लिहून होतं, म्हणून चहा झाल्याझाल्या बसले आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मला ऑस्ट्रेलियात कुणी शिकायला आणलं नव्हतं. दादा पुण्याला शिकून डॉक्टर झाला, कारण तो मुलगा होता. मला चौथीनंतर शाळेतून काढलं, कारण गोठ्यात म्हशी होत्या. पुढे दादाला इकडे हॉस्पिटलात नोकरी लागली, वहिनीला जुळं झालं आणि पाळणे हलवायला माणूस हवं म्हणून मला विमानात बसवलं. त्याचा मला राग नाही. म्हशींपेक्षा जुळं बरं.

गाव न्यू साउथ वेल्समधलं, समुद्रापासून लांब, गव्हाचं आणि मेंढ्यांचं. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं दुकानं चालवतात. आमचं घर हॉस्पिटलच्या मागे होतं, पत्र्याच्या छपराचं. दुपारी पत्रा तापला की टिकटिक वाजायचा, आणि ऊन उतरलं की पुन्हा वाजायचा. जाळीचा दरवाजा दिवसभर फाडफाड आपटत असे. संध्याकाळी गुलाबी पोटाच्या पोपटांचे थवेच्या थवे गव्हाच्या कोठारांवर उतरायचे आणि लग्नाच्या पंगतीत उठतो तसला कालवा करायचे. माश्यांबद्दल लिहीत नाही. ज्यानं त्या पाहिल्यात त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला खरं वाटणार नाही.

शेतकऱ्यांना दादाचे उपकार फेडायचे असले की ते अर्धी मेंढी आणून मागच्या पायरीवर ठेवत. वहिनी पुण्याची, तिनं जन्मात मटण कापलं नव्हतं. ते काम माझं. मसाला म्हणजे दुकानातला पिवळ्या पुडीचा एक डबा. त्याला हळदीचा आणि भुशाचा वास यायचा. खरे धने-जिरे सिडनीहून पार्सलनं येत. वहिनी धने भाजायला लागली की शेजारच्या बाईचा कुत्रा कुंपणाला येऊन उभा राहायचा, आणि मागोमाग ती बाई. "व्हॉट्स दॅट, लव्ह?" असं विचारून ती नाकाला रुमाल लावायची आणि तरी तिथंच थांबायची. पुढे तीच बाई मसाल्याची पुडी मागायला लागली.

धुणं आणि इस्त्री करायला आंटी डॉट येई. गावाबाहेर नदीकाठी इथल्या मूळच्या काळ्या लोकांची वस्ती होती, थोड्या पत्र्याच्या खोल्या आणि थोडी सरकारनं बांधलेली घरं. आंटी तिथली. तिच्या लोकांत वयानं मोठ्या बाईला आंटी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं, म्हणून मीही म्हणायचे. मोठ्या हाडाची, हळू चालणारी बाई. हसली की आधी खांदे हलत, आवाज नंतर येई. तिचं काम झालं की वहिनी तिला चहा द्यायची. साखर भरपूर, बरोबर बिस्किटं, कधी शिरासुद्धा. पण कप तिचा वेगळा. निळ्या फुलांचा, धुण्याच्या खोलीच्या खिडकीत पालथा घातलेला. मी आल्याआल्या वहिनीला विचारलं होतं, "हा इथं का?" ती म्हणाली, "असू दे गं. सवय." वहिनी वाईट नव्हती. आंटीला ताप आला तेव्हा हिनं दोन दिवस खिचडी पाठवली. पण कप खिडकीतच.

आंटीची मुलगी जॉय माझ्याच वयाची. आमची ओळख पाण्यात झाली. दुपारी जुळं झोपलं की मी नदीवर जायचे. मी पोहायला शिकले गावच्या विहिरीत, कमरेला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून. काकानं वरून ढकलून दिलं, वर आले ती हातपाय मारतच आले. गावकुसाबाहेरच्या पोरांना त्या विहिरीवर येऊ देत नसत. ती वर बांधावर बसून आमच्या उड्या मोजायची. त्यांच्यात एक मुलगी होती, तिचं नाव मला माहीत नाही. कुणी बुडी मारली की ती श्वास धरायची, तो वर आला की सोडायची. ती मला नदीवर पुष्कळदा आठवायची. जॉयनं मला पहिल्यांदा पंजाबी ड्रेसवर पोहताना पाहिलं आणि ती काठावर लोळून हसली. "यू स्विम लाइक अ फ्रॉग, सू!" माझं नाव सुमन, पण तिला सू पुरायचं. मी म्हटलं, बेडूक बुडाल्याचं ऐकलंयस कधी? म्हणजे तसं म्हणायचं होतं. माझं इंग्रजी तेव्हा "फ्रॉग नो डाय" इतकंच होतं. तिला कळलं.

ती मात्र बेडूक नव्हती. ती पाण्यात शिरली की पाणी फुटल्यासारखं वाटायचं नाही. सुई कापडात जाते तशी जायची. पलीकडच्या झाडाला हात लावून परत यायची तोवर मी अर्ध्यात असायचे. मी तिच्याकडून पोहताना श्वास कसा घ्यायचा ते शिकले आणि तिला आंबट कैरीवरचं तिखटमीठ शिकवलं. कैऱ्या नव्हत्या, हिरव्या सफरचंदावर लावायचो. दोघींची तोंडं लाल, जिभा झोंबतायत आणि वर झाडात माणसासारखं हसणारे इथले पक्षी खिदळतायत. मला आयुष्यात इतकी मजा पुन्हा आली नाही, लग्नातही नाही.

गावात पोहण्याचा तलाव होता, निळ्या फरशीचा. जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, देशाचा दिवस साजरा व्हायचा तेव्हा तिथं झेंडा, भाषणं, सॉसेजेस आणि शर्यती. मुलींच्या शर्यतीत जी पहिली येई तिला जिल्ह्याच्या मोठ्या शर्यतींना नेत, तिथं शहरातले प्रशिक्षक येत. जॉयला तिथं जायचं होतं. ती दुसरं बोलतच नव्हती. पाण्यात बोलायची, कपडे वाळवताना बोलायची. "एकदा मला त्यांनी बघितलं ना, सू, एकदाच." मला तिच्याइतकीच घाई झाली होती. मी पाळणा हलवतानासुद्धा पाय मारायचे.

अडचण गेटवर होती. नदीकाठच्या पोरांना तलावात घ्यायचं नाही असा नियम पूर्वी होता, तो सरकारनं काढायला लावला. मग गावानं दुसरा काढला. आत येण्याआधी डॉक्टरनं तपासायचं, डोक्यात उवा आहेत का, अंगावर खरूज आहे का. नियमात काळा-गोरा शब्द नव्हता. पण गोरी पोरं सरळ आत जात आणि नदीकाठची रांगेत उभी राहत, सगळं गाव बघत असताना. आधीचा डॉक्टर निवृत्त झाला होता. या वर्षी काम दादाचं.

कौन्सिलचे अध्यक्ष स्वतः घरी सांगायला आले. उंच, लाल मानेचा माणूस. आम्ही घरात त्याला फौजदार म्हणायचो. त्यानं वहिनीची भजी खाल्ली, दादाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "दहा मिनिटांचं काम, डॉक. तू आता आमच्यातलाच." दादा खूश झाला. खोटं कशाला लिहू? कानापर्यंत खूश झाला. त्याचा करार वर्षावर्षाचा होता आणि तो वाढवायचा की नाही हे फौजदाराच्या कमिटीच्या हातात होतं.

आंटी डॉटच्या कानावर ते गेलंच. ती इस्त्री संपवून थेट दादासमोर आली. वहिनीनं सवयीनं निळ्या फुलांच्या कपातून चहा आणून दिला.

"डॉक, तू गेटवर उभा राहणार?"

"नियम आहे, डॉट. एक मिनिटाचं काम. जॉय तर स्वच्छच आहे, मला माहीत आहे."

"मग बघायचं काय? माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. साऱ्या गावासमोर तिच्या केसात कुणी हात घालणार नाही. तू उभा राहिलास तर ती आत येणार नाही. तिला सांगून झालंय."

आंटीनं चहा पिऊन संपवला, कप फिरवून पाहिला.

"छान कप आहे," ती म्हणाली. "मी तुझ्या बहिणीएवढी होते तेव्हा मेंढ्यांच्या फार्मवर कामाला होते. तिथल्या बाईसाहेबांकडेही माझा एक कप असायचा, खिडकीत. पण टिनचा. तुमचा निदान फुलांचा." आणि तिचे खांदे हलले. मग ती गेली आणि जाळीचा दरवाजा आपटला.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. दादाला कपाचं ठाऊकच नव्हतं. पुरुषांना घरातली भांडी ठाऊक नसतात. त्यानं विचारलं, "हा वेगळा का ठेवलायस?"

"तुमच्या आईनं शिकवलं तेच करते," वहिनी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा मागच्या दारी भाकरी कशी टाकायची, पाणी वरून कसं ओतायचं, सगळं त्यांनीच दाखवलं. तेव्हा नाही बोललात."

"इथं असलं चालत नाही."

"चालतं की," मी म्हटलं. "परवा तू गेटवर तेच करणार आहेस. तिथं कप मोठा आहे एवढंच."

"सुमे, गप्प बस. चौथी पास, आणि मला शिकवतेस!"

"चौथीतच शिकवलं होतं. आपल्या देशात सगळे सारखे, असं मास्तर घोकून घ्यायचे आणि सुट्टीत एका पोराला लांबून पाणी वाढायचे. मी पाहिलंय. पुढच्या इयत्तांत काय शिकवतात ते मला माहीत नाही, तू सांग."

तो उठून दवाखान्यात गेला. वहिनी ओट्याशी रडली, मग तो कप घासून आमच्या कपांत ठेवला, मग पुन्हा काढून हातात धरून उभी राहिली. मी म्हटलं, "ठेवा की वहिनी, चावत नाही."

इथं थोडं आताचं लिहिते. मागच्या महिन्यात सिडनीजवळ स्कोफिल्ड्सला भाचीच्या नव्या घरी वास्तुशांत होती. चार बायका मला विचारतात, "काकू, मेलबर्नला तुमच्या ग्लेन वेव्हर्लीत शेजार कसा आहे हो? आपल्या टाइपचे लोक आहेत ना?" मी म्हटलं, माझ्या टाइपचं कुणीच नाही, मी चौथी पास. हसल्या. त्याच बायका ऑफिसात कुणी नावाचा उच्चार चुकवला की रेसिझम म्हणून संध्याकाळभर फोनवर असतात. माझी नात ईशा क्लेटनला युनीत जाते. ती मला म्हणाली, "आजी, डू यू नो, हा देश बनला तेव्हा पहिल्या काही कायद्यांमधला एक आपल्यासारख्यांना आत येऊ न द्यायचा होता." मला माहीत नव्हतं, पण आश्चर्य वाटलं नाही. चांगली वाक्यं सगळेच देश लिहितात. गेटवर कोण उभं आहे ते मी बघते.

तर तो दिवस. सकाळपासून आकाश पांढरं आणि वारा भट्टीतून आल्यासारखा. सगळं गाव तलावाच्या बाहेर जमलेलं, पोरं टॉवेल खांद्यावर टाकून डांबरावर अनवाणी नाचतायत, कारण डांबर तापलेलं. फौजदारानं झेंड्याखाली भाषण केलं. या देशात साहेब आणि मजूर एका बाकावर बसतात, इथं बाप कोण ते विचारत नाहीत, प्रत्येकाला सारखी संधी, फेअर गो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, भाषण चांगलं होतं. रस्त्यापलीकडे झाडाखाली आंटी डॉट आणि जॉय उभ्या. जॉयनं पोहण्याचा काळा पोशाख घातलेला, वर बापाचा शर्ट. ती तलावाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

गेटच्या बाजूला दादाला स्टूल दिलं होतं. सूट घालून, टॉर्च हातात घेऊन तो बसलेला. काय करणार ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नसावं. गेटवरचा क्लाइव्ह ओरडला, "नदीवाले इकडे, बाकीचे आत!" गोऱ्या पोरांनी धाव घेतली. नदीकाठची लहान लहान पोरं स्टुलासमोर रांगेत लागली, सवयीनं, माना खाली. माझं डोकं फिरलं. मी जाऊन रांगेत उभी राहिले, सगळ्यात पुढं.

"तू नाही, लव्ह," क्लाइव्ह म्हणाला. "तू डॉक्टरची बहीण. आत जा."

मी हात पुढे केला. "आय ब्लॅक ऑल्सो. लुक." आणि शेजारच्या पोराचा हात धरून माझ्या हाताला लावला. माझाच जास्त काळा होता. लोक हसले. मी हलले नाही. दादाकडे वळून मराठीत म्हटलं, "बघ माझ्या केसात. मी गावभर फिरते, म्हशींत वाढलेय. बघ की!"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग तो उठला आणि क्लाइव्हला म्हणाला, "गेट बंद कर."

"काय?"

"उवा रंग बघून चढत नाहीत. मी डॉक्टर आहे. तपासायचं तर सगळ्यांना तपासणार. आत गेलेत त्यांनाही बाहेर काढ. रांग इथून." आणि त्यानं समोरच उभ्या असलेल्या फौजदाराच्या नातवाला स्टुलावर बसवलं. पोरगं गोंधळून बसलं. दादानं त्याच्या केसात टॉर्च मारला, कान पाहिले, तोंड उघडायला लावलं, सगळं अगदी सावकाश, परीक्षेला बसल्यासारखं. मग पायाची बोटं फाकवली आणि मोठ्यानं म्हणाला, "सॉरी. बोटांच्या बेचक्यात बुरशी आहे. संसर्गजन्य. हा आत जाऊ शकत नाही."

चिखल्या झाल्या होत्या पोराला! मी जोरात हसले. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. फौजदाराची लाल मान जांभळी झाली. "डॉक्टर, दिस इज नॉट व्हॉट वी ॲग्रीड!" दादाचा आवाज चिरकला, इंग्रजी पार पुण्याचं झालं, पण तो म्हणाला, "नेक्स्ट, प्लीज." मागे रांग रस्त्यापर्यंत गेलेली. बायका टोप्यांनी वारा घेतायत, पोरं पाय वर-खाली करतायत, सॉसेजेस जळतायत. बिअरचा कॅन धरलेला एक शेतकरी ओरडला, "अरे सोडा ना सगळ्यांना आत, मेलो आम्ही इथं!" दुसरा ओरडला, तिसरा ओरडला. समतेसाठी कुणी ओरडलं असेल असं मला वाटत नाही. उकडत होतं. क्लाइव्हनं एकदा फौजदाराकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे, आणि गेटचे दोन्ही दरवाजे सताड उघडले. सगळी पोरं एकदम आत घुसली, गोरी, काळी, चिखल्यावालंसुद्धा. दादा स्टुलापाशी टॉर्च धरून उभा. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

दादाला त्याची किंमत मोजावी लागली. पुढच्या वर्षी करार वाढला नाही आणि आम्ही मेलबर्नला आलो. तिथं त्याचं बरं चाललं, म्हातारपणी तो ही गोष्ट स्वतःच्या शौर्याची म्हणून सांगायचा. माझं नाव त्यात यायचं नाही. सांगू दे. स्टुलावर तोच होता.

मी रस्त्याकडे धावले. "जॉय! ये!" आंटीनं आधी दादाकडे पाहिलं, बराच वेळ, मग मुलीच्या खांद्यावरचा शर्ट काढून घेतला आणि तिला पाठीत एक धपका घातला. जॉय तापलेलं डांबर तीन उड्यांत पार करून आली.

मुलींच्या शर्यतीची शिट्टी होईपर्यंत तलावातला रंग बदलला होता. काही आया काठावर येऊन आपापल्या पोरींना हाताला धरून वर काढत होत्या, टॉवेलात गुंडाळून गाड्यांकडे नेत होत्या. काही पोरी जायला तयार नव्हत्या, त्यांना ओढत नेलं. शर्यतीच्या ओळीत मधल्या जागा रिकाम्या पडल्या. मला वाटलं जॉयच्या मनाला लागेल. ती चष्म्यावाल्या पंचाच्या नाकासमोर उभी राहून पायाचे अंगठे फरशीच्या कडेला घट्ट लावत होती. मी तिच्या शेजारी, पंजाबी ड्रेसच्या पायांना गाठी मारून.

"बघ, जातायत," मी म्हटलं.

तिनं वळून त्या गाड्यांकडे पाहिलं. "गुड," ती म्हणाली. "मोर रूम."

शिट्टी वाजली. मी पहिल्या श्वासाला डोकं वर काढलं तेव्हा ती माझ्यापुढे होती, दुसऱ्या श्वासाला पलीकडच्या भिंतीशी होती, आणि तिसऱ्याला ती परत येत होती, त्या रिकाम्या निळ्या पाण्याच्या अगदी मधून, दोन्ही बाजूंना हात पसरायला हवी तेवढी जागा घेऊन.